थकवा की नैराश्य? दोन बाळंतपणं आणि एकच सल्ला

माझ्या दोन्ही बाळंतपणांनंतर रजा संपवून मी कामावर रुजू झाले, आणि दोन्ही वेळा तीन-चार महिन्यांतच घरच्यांनी तोच सल्ला दिला. "सोड गं ती नोकरी. जिवापेक्षा जास्त आहे का?" त्यांची माया खरी होती. पण पहिल्या वेळी मला जे झालं होतं ते वेगळं आणि दुसऱ्या वेळी झालं ते वेगळं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. चिडचिड, उगाच रडू, विसराळूपणा, केस विंचरायचाही कंटाळा. त्यामुळे घरचे तर फसतातच, आपणही फसतो.

पहिल्या वेळी होता तो थकवा. पहाटे पाचला कणीक, मग बाळाची पेज, दोन डबे, पाळणाघराची पिशवी आणि धावत लोकल. संध्याकाळी परतताना मांडीवर वर्तमानपत्र पसरून मी गवार मोडायचे. शेजारची मटार सोलायची. डोळे मिटलेले असायचे, बोटं चालू असायची. एका रविवारी आई आली, मुलाला खाली बागेत घेऊन गेली आणि जाताना म्हणाली, "झोप आता, मोबाईल नको." चार तास झोपले. उठले तर सडकून भूक लागलेली, मिसळ खावीशी वाटत होती, आणि पोराला कधी एकदा जवळ घेते असं झालं होतं. थकव्याची मला कळलेली खूण हीच. विश्रांती मिळाली की माणूस परत माणसात येतं.

दुसऱ्या वेळी मे महिन्यात मी आठवडाभर रत्नागिरीला माहेरी होते. कामाचा फोन नाही, स्वयंपाक नाही. आईने हापूसची फोड हातावर ठेवली. जिच्यासाठी वर्षभर वाट बघायची ती फोड मी चावली आणि गिळली, बस. चव कळत होती, पण तिचं काही वाटत नव्हतं. बाळ आजीच्या कुशीत शांत झोपलेलं, आणि मी पहाटे तीनपासून टक्क जागी. डोक्यात एकच घोकणं चालायचं, की माझ्याऐवजी दुसरी कुणी असती तर या मुलांचं भलं झालं असतं. त्यात ऑफिस कुठेच नव्हतं. हे नैराश्य होतं.

डॉक्टर साधारण दोन आठवड्यांची मर्यादा धरतात. उदासी किंवा कशातच रस न वाटणं दिवसातला बराच वेळ, जवळपास रोज असेल, सोबत झोप, भूक, एकाग्रता बिघडलेली असेल, स्वतःला कमी लेखणं चालू असेल, तर ते तपासायला हवं. बाळंतपणानंतर पहिल्या काही दिवसांत येणारं रडू यात धरायचं नाही, ते बहुतेकींचं दोन आठवड्यांत निवळतं. आणि हो, आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड बघून घ्या. रक्त कमी असलं किंवा बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडलं, तरी बाई अशीच कोमेजते.

थकव्याचं खापर नोकरीवर फोडलं जातं, ते मला पटत नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो असं दिसलं; तेच करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटं. दमवणारी आहे ती ही घरातली दुसरी शिफ्ट. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये 'बर्नआउट'ची व्याख्या नव्याने मांडली, तीसुद्धा आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणच्या ताणातून येणारी अवस्था म्हणून. घरातल्या शिफ्टला त्या व्याख्येत जागाच नाही. हे वाचलं तेव्हा मला फार वाईट वाटलं.

नैराश्याचं तर उलटच आहे. जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस या संशोधकांनी लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या बायकांचा अभ्यास करून १९७८ मध्ये निष्कर्ष मांडले. संकट आलं की कोणत्या बायका नैराश्यात जास्त सहज जातात, याची चार कारणं त्यांना दिसली. मन मोकळं करायला जवळचं माणूस नसणं, घरात चौदा वर्षांखालची तीन किंवा जास्त मुलं असणं, वय अकरा व्हायच्या आत आई गमावलेली असणं, आणि घराबाहेर नोकरी नसणं. म्हणजे ज्या नोकरीकडे सगळे बोट दाखवत होते, ती त्या बायकांचा आधार होती. स्वतःचे पैसे, घराबाहेरची चार माणसं, दिवसाला एक आकार. मी सल्ला ऐकला असता तर आजार तसाच राहिला असता आणि हे तेवढं गेलं असतं.

अर्थात सगळ्याच नोकऱ्या आधार देत नाहीत. जिथे रोज अपमान होतो, सुटायची वेळ ठरलेली नसते, दूध काढायला स्टोअररूमचा कोपरा शोधावा लागतो, तिथे मन पोखरलं जातं. मी स्वतः तसा कोपरा शोधला आहे. २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत पाळणाघर हवं आणि आईला दिवसातून चारदा तिथे जाता यायला हवं, असं कायदा सांगतो. माझ्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताई मात्र बाळ दीड महिन्याचं असताना कामावर परतल्या होत्या. "नोकरी सोड" असं त्यांना कुणी म्हणतही नाही.

रायगडाचा कडा उतरणारी हिरकणी दूध विकायलाच गडावर गेली होती. एसटी स्टँडवरच्या हिरकणी कक्षाच्या पाटीजवळून जाताना मला दर वेळी वाटतं, दुसऱ्या दिवशी तिचं अंग किती ठणकलं असेल, रात्री झोप लागली असेल का, हे कुणीतरी विचारायला हवं होतं.

दोन्ही गोष्टी एकत्रही असतात. महिनोन्‌महिने झोप मिळाली नाही तर थकव्याचंच नैराश्य होऊ शकतं, म्हणून विश्रांतीची माझी खूण म्हणजे काही निदान नव्हे. मला डॉक्टरांनी आधी रक्त तपासायला लावलं, मग अंगावर पाजताना चालेल असं औषध दिलं, समुपदेशन सुरू केलं. नवऱ्याला समोर बसवून रात्रीचं एक उठणं त्याच्याकडे दिलं. नोकरी सोडायला सांगितलं नाही.

बाळंतिणीच्या तपासणीत नैराश्य ओळखायला एडिंबरा प्रश्नावली वापरतात, दहाच प्रश्न असतात. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा आहे. त्याचं उत्तर 'कधीतरी' असं आलं तरी पुढच्या भेटीची वाट बघू नका, त्याच दिवशी घरात सांगा, एकटं राहू नका आणि डॉक्टरांकडे जा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो, आणि मराठीत बोलता येतं.