दूध पिताना बाळाला घाम का फुटतो?

मुंबईच्या दमट हवेत बाळाच्या कपाळावर घाम दिसला की उकाड्याला बोल लावून आपण मोकळे होतो. पण डोक्यावर पंखा फिरतोय, बाळ दोन-चार घोट ओढून धापा टाकत थांबतंय आणि दर वेळी कपाळ ओलंचिंब होतंय, तर कारण हृदयातही असू शकतं.

हृदयाचा ठोका साइनस नोड या हृदयातल्याच छोट्या पेशीपुंजातून उमटतो. अनुकंपी, म्हणजे ताणाच्या वेळी शरीराला कामाला जुंपणारे मज्जातंतू त्याचा वेग वाढवतात; व्हेगस हा परानुकंपी, म्हणजे शरीराला निवांत करणारा मज्जातंतू तो आवरतो. नवजात बाळाचे ठोके मिनिटाला साधारण १२० ते १६० पडतात, पण दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं नसतं. श्वास घेताना ते किंचित घटतं, सोडताना वाढतं. काही मिलिसेकंदांचा हा चढउतार म्हणजे व्हेगसचं काम नीट चालल्याची खूण. घड्याळासारखी एकसुरी टिकटिक तान्ह्या हृदयाला मानवत नाही.

हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं छिद्र असेल तर हा तोल ढळतो. तोही लगेच नाही. जन्मानंतर काही आठवड्यांत फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्यांमधला विरोध उतरतो, मग डावीकडचं शुद्ध रक्त छिद्रातून उजवीकडे जाऊन पुन्हा फुफ्फुसांतच शिरतं. म्हणूनच प्रसूतिगृहातून ठणठणीत घरी आलेलं बाळ महिना-दीड महिन्याने दमू लागतं. अंगाला रक्त पुरेना, की शरीर अनुकंपी यंत्रणेला जुंपतं. ठोके वाढतात, चढउतार सपाट होत जातो. व्हेगसच्या तंतूंवरचं मायलिनचं, म्हणजे संदेश झटपट नेणारं चरबीयुक्त आवरण या वयात अजून पुरतं तयार झालेलं नसतं, त्यामुळे आवरणारी बाजू मुळातच दुबळी.

घामाच्या ग्रंथीही अनुकंपी मज्जातंतूंच्याच हुकमात. आणि तान्ह्या बाळाला सर्वांत जास्त कष्ट पडतात ते दूध ओढताना! पोटात जाईल त्यातलं बरंचसं श्वास आणि ठोक्यांवरच खर्च होतं, म्हणून बाळ अंग धरत नाही. आजी म्हणते, ‘दूध पुरत नाही.’ दोष आईच्या माथी मारला जातो, याचं फार वाईट वाटतं.

चोवीस तासांच्या होल्टर नोंदीत, म्हणजे अंगावर लावलेल्या छोट्या यंत्राने टिपलेल्या ठोक्यांच्या आलेखात, चढउताराचा हा सपाटपणा दिसतो. छिद्र दिसतं ते टू-डी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत. २०१३मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात हृदयदोषांची तपासणी मोफत होते. परळला वाडिया आणि केईएम ही रुग्णालयं आहेतच. जाण्याआधी बाळ शांत झोपलेलं असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त भरले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.