दुसरं नागपूर कुठून आणायचं?

मार्च 2021. कोविडमुळे नागपूर शहरात 15 ते 21 तारखेपर्यंत कडक टाळेबंदी लागली होती. महालातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेला पानठेला त्यामुळे बंद होता, पण ठेल्यावरचं भांडण काही बंद पडलं नव्हतं. ते शेजारच्या घराच्या ओट्यावर सरकलं होतं. एका बाजूला इतवारीत कापडाचं दुकान असलेले शेठजी, दुसऱ्या बाजूला निवृत्त शिक्षक, ज्यांना अख्खी गल्ली गुरुजी म्हणते. मास्क दोघांच्याही हनुवटीवर, कारण दोघांच्याही तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा. ठेला बंद असताना खर्रा कुठून आला, हे मी विचारलं नाही.

"हप्ताभर दुकान बंद ठेवलं, गुरुजी. केसेस कमी झाल्या का? वाढूनच राहिल्या ना जी! मंग बंद कायले केलं?"

"बंद नसतं केलं तर याच्या दुप्पट झाल्या असत्या."

"तुमाले कसं मालूम?"

गुरुजी गप्प झाले. मीही गप्पच होतो. शेठजींचा प्रश्न चिडून विचारलेला होता, पण होता अस्सल. साथींचा अभ्यास करणारे लोक शंभर वर्षं याच प्रश्नाशी झटापट करत आहेत.

आधी शेठजींचा हिशेब कुठे चुकला ते बघू. विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत सरासरी पाच दिवस जातात. मग माणूस दोन दिवस "मोसम बदलला ना, म्हणून ताप" म्हणत काढा पितो. मग तपासणीची रांग, मग रिपोर्टची वाट. सकाळच्या पेपरात कालचा आकडा छापून येतो तेव्हा त्यातली माणसं दहा-बारा दिवसांपूर्वी कुठल्या तरी लग्नात, ऑटोत नाहीतर दुकानात बाधित झालेली असतात. मृत्यूचा आकडा त्याहूनही शिळा असतो, कारण लक्षणांपासून मृत्यूपर्यंत बहुतेक वेळा आणखी दोन-तीन आठवडे जातात.

काटोलकडच्या संत्रा बागायतदाराला हे वेगळं शिकवावं लागत नाही. ऑक्टोबरनंतर तोडणीला येणारं अंबिया बहाराचं फळ जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलाचं असतं. पाणी तोडून झाडाला दिलेला ताण नीट बसला होता की नाही, याचा निकाल फळ हातात आल्यावर लागतो आणि तेव्हा ताण द्यायला परत जाता येत नाही.

साथीत हाच उशीर महागात पडतो, कारण मधल्या काळात आकडा जागेवर बसून राहत नाही. समजा, रोजची लागण दर आठवड्याला दुप्पट होते आहे आणि पेपरातला आकडा दोन आठवडे मागे आहे. ज्या दिवशी आपण 1000 वाचतो, त्या दिवशी शहरात 4000 जणांना लागण होत असते. आपण घाबरायचं की नाही याचा निर्णय मात्र 1000 बघून करतो.

15 मार्चला सोमवार होता. म्हणजे शेठजींनी रविवारपर्यंत मोजलेले बहुतेक रुग्ण त्यांचं दुकान बंद होण्याआधीच बाधित झालेले होते. टाळेबंदीनं काय केलं, हे त्या आठवड्याच्या आकड्यांत दिसणं शक्यच नव्हतं.

मग गुरुजी बरोबर? तेही इतकं सोपं नाही. पुढच्या आठवड्यांतही आलेख चढतच गेला आणि एप्रिलच्या उत्तरार्धात नागपूर जिल्ह्यात एकेका दिवशी सात हजारांहून जास्त रुग्ण नोंदले गेले. गुरुजींची टाळेबंदी इतकी गुणकारी होती तर हे कसं झालं? एक कारण, ती आठवडाभराचीच होती. दुसरं कारण, विषाणूच बदलत होता. 24 मार्चला केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं सांगितलं, की महाराष्ट्रातल्या 15 ते 20 टक्के नमुन्यांत दोन ठळक बदल एकत्र असलेला प्रकार सापडला आहे. त्याच घराण्यातल्या एका भावंडाला 31 मे रोजी जागतिक आरोग्य संघटनेनं डेल्टा हे नाव दिलं. आधीच्या प्रकारांपेक्षा तो कितीतरी वेगानं पसरायचा. गाडीचा ब्रेक दाबला आणि त्याच क्षणी उतार लागला, तर ब्रेक लागला की नाही हे नुसत्या वेगावरून कसं ओळखायचं?

ओळखायचं तर दुसरं नागपूर हवं. हेच हवामान, हीच गर्दी, हाच विषाणू, फक्त त्या आठवड्यात सगळं उघडं. ते कुठून आणायचं?

एक वाट कागदावरून जाते. 1927 साली विल्यम केरमॅक आणि अँडरसन मॅकेंड्रिक या दोघांनी एडिंबरामध्ये साथीची समीकरणं मांडली. केरमॅक रसायनशास्त्रज्ञ होते आणि प्रयोगशाळेतल्या अपघातात त्यांची दृष्टी पूर्ण गेली होती. मॅकेंड्रिक अनेक वर्षं भारतात वैद्यकीय सेवेत होते. त्यांची कल्पना अगदी साधी आहे. गावातली माणसं तीन खोल्यांत वाटायची: ज्यांना लागण होऊ शकते ते, ज्यांना झाली आहे ते, आणि बरे होऊन किंवा मरून खेळातून बाहेर पडलेले. पहिल्या खोलीतून दुसरीत माणसं किती वेगानं जातात आणि दुसरीतून तिसरीत किती वेगानं, एवढं कळलं की आलेख काढता येतो. आपला आलेख खरा उतरतो का, हे ताडून बघायला त्यांनी कोणत्या गावाची नोंद घेतली? मुंबईची. डिसेंबर 1905 ते जुलै 1906 या काळातल्या प्लेगच्या मृत्यूंची. आलेख जवळजवळ हुबेहूब बसला. कोविडच्या काळात टीव्हीवर जे "मॉडेल" म्हणून दाखवलं जायचं, त्यातल्या बऱ्याच मॉडेलांचं कूळ तिथवर जातं.

पण यात एक गंमत आहे आणि ती फारशी सांगितली जात नाही. मुंबईचा प्लेग मुख्यतः उंदरांवरच्या पिसवांतून माणसात येत होता. समीकरणांत ना उंदीर होते ना पिसवा. तरी आलेख जुळला! आलेख जुळला म्हणजे कारण सापडलं असं नसतं, याचा इतका चांगला दाखला दुसरा नसेल. समीकरणांत आणखी एक गोष्ट नव्हती: आमचा ओटा. माणसं पेपर वाचतात, घाबरतात, घरात बसतात, कंटाळतात, बाहेर पडतात, एकमेकांना समजावतात, खोटं बोलतात. आकडा वाढला की लोक जपतात, म्हणून आकडा उतरतो. उतरला की "काई नाई होत" म्हणतात, म्हणून पुन्हा वाढतो. शेठजी आणि गुरुजी साथीबद्दल वाद घालत होते असं मला त्या वेळी वाटलं. खरं तर त्या वादाचा निकाल कोणत्या बाजूनं लागतो, यावर आमच्या गल्लीचा आलेख थोडाफार वळत होता. आजची मॉडेलं ही भीती आणि हा कंटाळा आकड्यांत बसवायचा प्रयत्न करतात. जमतं ते कसंबसंच.

दुसरी वाट इतिहासातून जाते: एकसारख्या दोन शहरांची तुलना. 1918 च्या फ्लूच्या वेळी अमेरिकेत फिलाडेल्फियानं 28 सप्टेंबरला जंगी मिरवणूक काढली. साथ शहरात आली आहे हे ठाऊक असताना सुमारे दोन लाख लोक रस्त्यावर जमले आणि 3 ऑक्टोबरला सगळं बंद करावं लागलं. सेंट लुईसमध्ये पहिले रुग्ण 5 ऑक्टोबरला कळले आणि 7 तारखेला शहरानं दारं लावायला सुरुवात केली. सर्वात वाईट आठवड्यात फिलाडेल्फियात लाखामागे 257 जास्तीचे मृत्यू झाले, सेंट लुईसमध्ये दारं बंद होती त्या काळातल्या सर्वात वाईट आठवड्यात 31. नोव्हेंबरात सेंट लुईसनं दारं उघडली तशी तिथेही दुसरी लाट आलीच. शेठजींना हा पुरावा पटणार नाही हे मला माहीत आहे. "ते सायबाचं गाव, हे आपलं गाव" म्हणतील, आणि दोन शहरं कधीच अगदी सारखी नसतात हे तर खरंच आहे.

त्या फ्लूनं आपल्याकडे काय केलं, हे आपण मात्र पार विसरलो. भारतात सव्वा ते पावणेदोन कोटींच्या आसपास माणसं गेली असा अंदाज आहे, आणि नागपूर ज्याची राजधानी होतं तो मध्य प्रांत व वऱ्हाड सर्वाधिक पोळलेल्या भागांपैकी एक होता. 1911 ते 1921 हे जनगणनेच्या इतिहासातलं एकच दशक, ज्यात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली.

मिरवणुकीचा विषय निघाला की नागपूरकराला मारबत आठवते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते, बडगे निघतात, म्हणजे मोठमोठे पुतळे मिरवत नेतात, आणि सगळं गाव ओरडतं, "ईडा पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!" ही परंपरा एकोणिसाव्या शतकातली. रोगराईला हाकलायला निघालेली ही मिरवणूक 2020 मध्ये रोगराईमुळेच निघू शकली नाही. तेव्हाही ओट्यावर वाद झालाच. "आता नाई काढायची तं कधी काढायची?" हा सवाल ऐकून मी हसलो होतो, पण तो नुसता अंधश्रद्धेचा नव्हता. भीतीच्या दिवसांत चार माणसांबरोबर ओरडायला मिळणं ही गरज असते आणि त्या साथीनं नेमकी तीच काढून घेतली.

सतरंजीपुऱ्याबद्दल बोलताना मात्र गल्लीचा आवाज बदलायचा. एप्रिल 2020 मध्ये सतरंजीपुरा आणि मोमिनपुरा हे शहरातले मोठे हॉटस्पॉट ठरले. वस्त्या सील झाल्या, शेकडो लोकांना आमदार निवासासारख्या ठिकाणी विलगीकरणात नेलं गेलं. संपर्क शोधून वेगळं करणं हे शास्त्राला धरूनच होतं. लक्षणं नसलेला माणूसही विषाणू पसरवतो, तेव्हा तो आजारी दिसेपर्यंत थांबून चालत नाही. पण वस्तीचं नाव शिवीसारखं वापरलं जाऊ लागलं, की लोक ताप लपवतात. 1897 मध्ये पुण्यात घराघरांत शिरणाऱ्या झडती पथकांच्या धाकानं लोकांनी प्लेगचे रोगी लपवले होते. त्याच वर्षी झालेला साथरोग कायदा मार्च 2020 मध्ये महाराष्ट्रात पुन्हा लागू झाला. लपवलेला ताप चार दिवस उशिरा मोजला जातो आणि ते चार दिवस वर सांगितलेल्या दोन आठवड्यांत मिळवावे लागतात.

हा उशीर कापायची, तपासणीची एक युक्ती वर्धा रोडवरच्या नीरीत, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेत, तयार झाली. नाकात काडी घालायची नाही, पीपीई घातलेला माणूस लागत नाही. नळीत मिठाचं पाणी असतं. ते तोंडात घेऊन 15 सेकंद गुळण्या करायच्या आणि पुन्हा नळीत सोडायचं. प्रयोगशाळेत त्यात एक खास द्रावण मिसळून अर्धा तास ठेवायचं, मग 98 अंशांवर 6 मिनिटं तापवायचं, की विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचं जनुकीय द्रव्य, आरटी-पीसीआर तपासणीसाठी मोकळा. महागडे किट नाहीत आणि निकाल तीन तासांत. गुळण्या करायला कोणाला शिकवावं लागतं? मे 2021 मध्ये तिचा देशभर गाजावाजा झाला, तोवर आमची लाट ओसरायला लागली होती.

औषधांच्या बाबतीत मात्र दुसरं नागपूर खरंच उभं करता येतं. हजारो रुग्ण घ्यायचे आणि चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे. एकाला औषध, दुसऱ्याला नेहमीचे उपचार. चिठ्ठीमुळे वय, पैसा, मधुमेह, डॉक्टरची मर्जी, सगळं दोन्हीकडे सारखं वाटलं जातं आणि उरलेला फरक औषधाचा. ब्रिटनमधल्या अशाच चाचणीनं जून 2020 मध्ये दाखवलं, की डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त स्टेरॉइड व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू तिसऱ्या हिश्श्यानं आणि ऑक्सिजनवरच्यांचे पाचव्या हिश्श्यानं कमी करतं. ऑक्सिजन लागत नसलेल्यांना मात्र त्याचा फायदा दिसला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीत रेमडेसिवीर या विषाणूविरोधी इंजेक्शननं मृत्यू ठळकपणे कमी झालेले दिसले नाहीत. प्लाझ्माची, म्हणजे बऱ्या झालेल्यांच्या रक्तातला द्रव देण्याची, चाचणी तर भारतातच 464 रुग्णांवर झाली आणि काही लाभ आढळला नाही.

हे सगळं एप्रिल 2021 च्या आधीच छापून आलं होतं. तरी त्या महिन्यात आमच्या गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोनच गोष्टी फिरत होत्या: "प्लाझ्मा पाहिजे" आणि "रेमडेसिवीर कुठे मिळेल". डेक्सामेथासोनच्या काही रुपयांच्या गोळीसाठी कोणी रांग लावत नाही, म्हणून ती औषध वाटत नाही.

शेठजी त्याच महिन्यात आजारी पडले. तेव्हा कोणाची तब्येत विचारायची तर "स्कोर किती?" असं विचारायचे. सीटी स्कॅनमध्ये दोन्ही फुफ्फुसांच्या मिळून पाच भागांना प्रत्येकी पाचपैकी गुण देतात आणि बेरीज पंचविसातून सांगतात. शेठजींचा स्कोर 14 आला, ऑक्सिजन 88 वर. रेमडेसिवीरसाठी कोण फिरलं? गुरुजी. दोन दिवस, भर उन्हात, स्कूटरवर, आणि आणली त्यांनी. दवाखान्याच्या कागदावर डेक्सामेथासोनही होतंच, पण ते कोणी वाचलं नाही.

शेठजी बरे झाले. ठेला उघडला. एकदा पन्नीत खर्रा घोटला जात होता, तेव्हा शेठजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "त्या इंजेक्शननं वाचलो मी, गुरुजी. नाईतं गेलोच होतो."

गुरुजींनी चष्मा काढून पुसला.

"तुमाले कसं मालूम?"