शाळेतली डार्करूम आणि डिजिटल डिझाइनचा तास: पार्श्वभूमी

फोटोग्राफी आणि डिजिटल डिझाइन हे दोन विषय आज बऱ्याच हायस्कुलांत एकाच खोलीत, एकाच शिक्षकाकडे असतात. मुले फोटो काढतात, त्यातूनच पोस्टर किंवा मुखपृष्ठ मांडतात आणि वर्षअखेरीस सगळ्याचा मिळून एक पोर्टफोलिओ देतात. ही जोडी अभ्यासक्रम आखणाऱ्यांनी ठरवून जमवली असे वाटते. प्रत्यक्षात ती जागेच्या आणि खर्चाच्या हिशेबातून जमली, आणि तो हिशेब मुख्यतः १९९० ते २००५ या काळात झाला.

त्याआधीचे थोडक्यात. १८८८ मध्ये रोल फिल्मचा साधा कॅमेरा आला, १९०० मध्ये एक डॉलरचा आला, आणि कॅमेरा हौशी माणसाच्या हातात पडला. शाळेत तो आधी क्लबच्या आणि वार्षिक अंकाच्या निमित्ताने शिरला, स्वतंत्र विषय नंतर झाला. १९७६ पासून १९९७ पर्यंत बनत राहिलेला पेंटॅक्स के१००० हा त्या वर्गांचा ठरलेला कॅमेरा. फोकस, अ‍ॅपर्चर, शटर सगळे हाताने, म्हणजे चित्र कुठे स्पष्ट हवे, प्रकाश येण्याचे छिद्र केवढे आणि प्रकाश किती वेळ येऊ द्यायचा, हे मुलांनीच ठरवायचे. बॅटरी लागे ती फक्त प्रकाश मोजणाऱ्या लाइट मीटरला. डिझाइनचा या वर्गाशी संबंध नव्हता. ते काम चित्रकलेच्या किंवा छपाईच्या खोलीत कात्री, गोंद आणि पट्टीने चाले. १९८५ च्या सुमारास पान मांडण्याचे सॉफ्टवेअर आणि लेझर प्रिंटर आले तेव्हा ते काम संगणकावर गेले.

१९९० मध्ये फोटो सुधारण्याचे फोटोशॉप हे सॉफ्टवेअर आले आणि काही वर्षांतच शाळांपुढे प्रश्न उभा राहिला: डार्करूम, म्हणजे फोटो धुऊन छापण्याची लाल दिव्याची अंधारी खोली, ठेवायची की तिथे संगणक मांडायचे? या निर्णयाबद्दल अजून मतभेद आहेत आणि ते समजून घेतल्याशिवाय आजच्या तासाचा आकार कळत नाही.

बंद करण्याच्या बाजूची कारणे खरी होती. वापरलेल्या फिक्सरमध्ये, म्हणजे चित्र पक्के करणाऱ्या रसायनात, फिल्म आणि कागदातली चांदी उतरलेली असते; तो मोरीत ओतून चालत नाही, वेगळा गोळा करावा लागतो. रसायनांच्या वासासाठी हवा खेळती लागते, प्रिंट धुवायला वाहते पाणी लागते. एन्लार्जर, म्हणजे फिल्मवरचे चित्र मोठे करून कागदावर पाडणारी यंत्रे, मोजके, मुले भरपूर, त्यामुळे अर्धा वर्ग बाहेर थांबलेला. पुढे मालाचाही प्रश्न आला. २००५ मध्ये फिल्मच्या धंद्यातल्या एका अग्रगण्य कंपनीने कृष्णधवल फोटो-कागदाचे उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले. त्यानंतर मुख्याध्यापकांना समजावणे आणखी अवघड झाले.

विरोध करणाऱ्या शिक्षकांचा मुद्दा आठवणींत रमण्याचा नव्हता, शिकवण्याच्या क्रमाचा होता. टेस्ट स्ट्रिपचे, म्हणजे कागदाला किती सेकंद प्रकाश द्यायचा हे ठरवणाऱ्या चाचणी-पट्टीचे, उदाहरण घ्या. कागदाची पट्टी एन्लार्जरखाली ठेवायची आणि दर पाच सेकंदांनी पुठ्ठा थोडा पुढे सरकवत ती झाकत जायची. डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनात, टाकली की एकाच पट्टीवर ५, १०, १५, २० सेकंदांचे फिके ते गडद टप्पे उमटतात. मग विद्यार्थ्याने बोट ठेवून सांगायचे की यातला कोणता आणि का. चेहऱ्यावरचा तपशील १० सेकंदांना चांगला, पण आकाश २० ला. मग चेहऱ्यावर थोडा वेळ सावली धरायची आणि आकाशाला जास्त प्रकाश द्यायचा. आधी पर्याय मांडणे, मग निवडणे, आणि निवडीचे कारण सांगणे ही सवय त्या लाल दिव्याखाली आपोआप लागत असे. स्लायडर ओढून आवडेल तिथे थांबताना ती लागत नाही. ती मुद्दाम लावावी लागते.

माझ्या मते निर्णयापेक्षा घाई चुकली. १९९४ चा क्विकटेक हा डिजिटल कॅमेरा ६४० बाय ४८० पिक्सेलचे जेमतेम आठ फोटो साठवे. १९९७ चा मॅव्हिका शाळांना सोयीचा वाटला तो थेट फ्लॉपीवर फोटो साठवतो म्हणून. चित्राचा दर्जा फिल्मच्या जवळपासही नव्हता. हजार डॉलरच्या आतला डिजिटल एसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा कॅमेरा, यायला २००३ उजाडले. ज्यांनी त्याआधीच डार्करूम मोडली त्यांच्या हातून जुने गेले आणि नवे अजून हाती आले नव्हते. शिवाय एन्लार्जर नीट सांभाळला तर काही दशके चालतो. संगणक आणि सॉफ्टवेअर काही वर्षांनी बदलावेच लागतात. हा पुढचा खर्च त्या वेळी फार थोड्यांनी मांडला.

खोली संगणकांची झाली तशी ती डिझाइनलाही लागली, आणि दोन्ही तास एकत्र आले. या एकत्र येण्याचा फायदाही झाला. फोटोशॉपमध्ये १९९४ मध्ये लेअर, म्हणजे चित्राचे एकावर एक सुटे थर, आले, १९९८ मध्ये केलेल्या कृतींची यादी दाखवणारे हिस्टरी पॅलेट आले; त्याआधी फक्त शेवटची एक कृती मागे घेता येई. लेअरमुळे आता चित्र कसे घडले हे फाइलमध्येच शिल्लक राहू लागले. जाणत्या शिक्षकांनी तयार चित्रासोबत लेअर असलेली मूळ फाइल मागायला सुरुवात केली. पूर्वी काँटॅक्ट शीटवरून, म्हणजे रोलमधले सगळे फोटो छोटे छापलेल्या कागदावरून, विद्यार्थ्याचा विचार कळे, तो आता तिथून कळू लागला.

पुढच्या वळणांचा वेग मोठा आहे. २०१३ मध्ये फोटोशॉपची पुढची आवृत्ती एकदाच विकत घेण्याची सोय संपली आणि वर्गणी सुरू झाली, तेव्हा गिम्प आणि इंकस्केप या मोफत सॉफ्टवेअरकडे अनेक वर्ग वळले. क्रोमबुक, म्हणजे मुख्यतः ब्राउझरवर चालणारे लॅपटॉप, वापरणाऱ्या शाळांना ब्राउझरमध्ये चालणारी साधने शोधावी लागली. कॅमेऱ्याची जागा फोनने घेतली, पण बहुतेक फोनच्या लेन्सचे अ‍ॅपर्चर बदलता येत नाही. पार्श्वभूमी धूसर दिसते ती बव्हंशी सॉफ्टवेअरने केलेली असते. त्यामुळे डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे चित्रात किती खोलीपर्यंत स्पष्ट दिसते ते, शिकवायला शाळेत निदान दोन-चार जुने एसएलआर राखून ठेवायलाच हवेत, असे मला ठामपणे वाटते. काही शिक्षक सायनोटाइपकडे परतले आहेत: निळे फोटो छापण्याची १८४२ ची ही पद्धत, लोहक्षार लावलेला कागद, ऊन आणि साधे पाणी. डार्करूम लागत नाही, आणि संगणकावर केलेली निगेटिव्ह पारदर्शक कागदावर छापून त्यात वापरता येते.

२०२३ मध्ये फोटोशॉपमध्ये शब्दांवरून चित्राचा भाग भरून देणारी सोय आली आणि लेअरची फाइलही पुरावा म्हणून अपुरी पडू लागली. म्हणून आता कॅमेऱ्यातून निघालेल्या मूळ फ्रेम, टप्प्याटप्प्याच्या फाइल आणि प्रत्येक निवडीबद्दलच्या चार ओळी असे तिन्ही मागितले जाते. भरून घेतलेल्या भागाला गुण द्यायचे की नाही, आणि दिले तर किती, हे सध्या तरी अनेक ठिकाणी ज्याच्या त्याच्या वर्गावर सोडलेले आहे.