गुणपत्रिकेत न मावणारी मुले: खान्देशातल्या गुणगौरवाची पार्श्वभूमी

दहावी-बारावीचा निकाल लागला की जून-जुलैत खान्देशातल्या तालुक्याच्या गावांमध्ये गुणगौरव सोहळ्यांची रांग लागते. समाजाची मंडळे, पतसंस्था, माजी विद्यार्थ्यांचे गट, राजकीय कार्यकर्ते असे सगळेच हे सोहळे घेतात. अर्जासोबत गुणपत्रिकेची झेरॉक्स जोडायची, ठरलेल्या टक्केवारीच्या वर असाल तर व्यासपीठावर बोलावणे, मग ढाल, प्रशस्तिपत्र, वह्या आणि पाहुण्यांसोबत फोटो. गरीब घरच्या मुलाला गावासमोर उभे करून शाबासकी देणे ही मोठीच गोष्ट आहे. या सोहळ्यांमुळे शिक्षण टिकलेली कितीतरी मुले-मुली या भागात आहेत. तरीही त्या अर्जात वर्षभर धाकट्या भावंडांना सांभाळून शाळा न चुकवणाऱ्या मुलीसाठी रकाना नसतो. गावच्या टाकीचे पाणी शाळेपर्यंत आणायला ग्रामपंचायतीत तीनदा गेलेल्या वर्गमंत्र्यासाठीही तो नसतो. ‘कितला मार्क पडनात?’ एवढाच प्रश्न उरतो. हे असे कसे झाले, याला दीडशे वर्षांची मागची हकीकत आहे. तिचा सगळ्यात उजळ भाग खान्देशातच घडला, म्हणून ती इथल्या वाचकांनी माहीत करून घ्यावी असे मला मनापासून वाटते.

मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक 1859 साली झाली. त्यानंतरच्या दशकांत मुंबई इलाख्यात शाळांना निकालानुसार अनुदान देण्याची पद्धत रूढ झाली. निरीक्षक यायचा, मुलांची परीक्षा घ्यायचा आणि किती मुले पास झाली यावर शाळेचे पैसे ठरायचे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती मागे पडली, पण तिने लावलेली सवय गेली नाही. मूल पास म्हणजे शाळा चांगली, हे समीकरण पालकांच्या, शिक्षकांच्या आणि सरकारच्याही डोक्यात पक्के बसले. 1906 साली खान्देश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. तेव्हा धुळे, जळगाव, अमळनेर अशा मोजक्या गावांतच इंग्रजी शिक्षणाची सोय होती आणि खेड्यांतली मुले तिथे वसतिगृहात राहून शिकत. ही वसतिगृहे पुढे फार महत्त्वाची ठरली.

अमळनेरला श्रीमंत प्रतापशेठ यांच्या आश्रयाने 1916 साली तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. तत्त्वज्ञानाच्या ओढीने तिथे आलेले पांडुरंग सदाशिव साने, म्हणजेच साने गुरुजी, 1924 साली अमळनेरच्या हायस्कुलात शिक्षक झाले आणि पुढे छात्रालयाचीही जबाबदारी त्यांच्याकडे आली. मुलांच्या खोल्या झाडणे, अंथरुणे नीट लावणे, मळके कपडे धुऊन ठेवणे ही कामे ते न बोलता करत. हे बहुतेकांनी ऐकलेले असते. पण गुरुजींच्या दुसऱ्या एका कामाकडे फारसे कुणी पाहत नाही. ते रोज स्वतःच्या हाताने ‘छात्रालय दैनिक’ लिहीत आणि मुलांना वाचायला लावून ठेवत. थोरांची चरित्रे, देशातल्या आणि जगातल्या घडामोडी, मुलांच्या मनाला भिडेल असा मजकूर त्यात असे. 1928 साली त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक सुरू केले. चोपडा-पारोळ्याकडच्या खेड्यातून आलेल्या मुलाच्या वाट्याला असे रोजचे वाचन यावे, आणि ते लिहिणारा माणूस त्याच छताखाली राहत असावा, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती.

आज ज्याला आपण विद्यार्थ्याचा सर्वांगीण विकास म्हणतो, त्याचे मूळ मला या छात्रालयात दिसते. ज्याने मुलाच्या खोलीतला केर काढला, त्याला कोण रात्री रडतो, कोण आजाऱ्याला पाणी देतो, कुणाला गाता येते आणि कुणाला चारचौघांत बोलता येते, हे वेगळे विचारावे लागत नाही. दखल घ्यायला आधी मूल दिसावे लागते आणि दिसायला त्याच्याजवळ राहावे लागते. गुरुजींनी 1930 साली नोकरी सोडली आणि ते मिठाच्या सत्याग्रहात गेले. त्यांचे अमळनेरातले शिक्षकपण सहा वर्षांचेच, पण त्या छात्रालयाची आठवण खान्देशात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते.

त्यानंतरची बारा वर्षे इथल्या विद्यार्थ्यांची शाळा बरीचशी शाळेबाहेरच भरली. डिसेंबर 1936 मध्ये फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन झाले. खेड्यात भरलेले ते पहिलेच. नंदलाल बोस यांनी बांबू आणि गावातल्याच साध्या सामानातून अधिवेशनाची जागा, टिळकनगर, सजवले. अधिवेशन यशस्वी व्हावे म्हणून गुरुजी गावोगाव हिंडले. एवढ्या माणसांची पाण्याची, जेवणाची, झोपण्याची, सफाईची सोय लावणे हे नेतृत्वाचे जिवंत प्रशिक्षण होते आणि त्याचे प्रमाणपत्र कुणी मागितले नाही. 1941 साली राष्ट्र सेवा दलाची नव्याने बांधणी झाली. संध्याकाळच्या शाखा, कवायत, गाणी, श्रमदान यांतून मुलामुलींना गट चालवायची सवय लागली.

मग 9 सप्टेंबर 1942. नंदुरबारला तिरंगा घेऊन निघालेल्या मुलांच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात शिरीषकुमार मेहता गेला. तो सोळा वर्षांचाही नव्हता. त्याच्यासोबत लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हेही हुतात्मा झाले. मिरवणुकीत ‘नहीं नमशे, नहीं नमशे, निशान भूमि भारतनु’ ही घोषणा होती. ती गुजरातीत होती, कारण नंदुरबारच्या पेठेत मराठी, अहिराणी, गुजराती, भिलोरी अशा भाषा शेजारी नांदत आल्या आहेत. त्या काळच्या शिक्षणखात्याच्या नजरेत मिरवणुकीत जाणे हा शिस्तभंग होता. विद्यार्थ्याच्या समाजभानाला शाळेच्या दप्तरात जागा नसली म्हणजे ते नसतेच असे नाही, हे खान्देशाने इतकी मोठी किंमत देऊन पाहिलेले आहे.

स्वातंत्र्यानंतर मात्र कागदावर तरी ही जागा व्हायला लागली. 1948 साली राष्ट्रीय छात्र सेना आली. 1950 साली भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संघटना एकत्र उभी राहिली. माध्यमिक शिक्षणासाठी नेमलेल्या 1952-53 च्या मुदलियार आयोगाने शिफारस केली की मुलाचे मोल एका अंतिम परीक्षेवर ठरवू नये, शाळेने त्याची वर्षानुवर्षांची नोंदपत्रके ठेवावीत आणि त्यांना वजन द्यावे. कोठारी आयोगाने 1964 ते 66 या काळात कार्यानुभव आणि समाजसेवा शिक्षणात आणण्यावर भर दिला. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे महाराष्ट्रातलेच. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, 24 सप्टेंबर 1969 रोजी, 37 विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. दोन वर्षांत 240 तास काम आणि सात दिवसांचे शिबिर असा तिचा हिशेब आहे. खेड्यात बंधारा घालायला, शौचखड्डे खणायला गेलेली कॉलेजची पोरे खान्देशाने याच योजनेतून पाहिली. दहावीच्या गुणपत्रिकेवर शारीरिक शिक्षण, कार्यानुभव, समाजसेवा यांच्या श्रेण्याही पुढे दिसू लागल्या. पण त्या टक्केवारीत धरल्या जात नसत, त्यामुळे शाळाही त्या हात सैल सोडून देत आणि घरात कुणी त्यांकडे पाहत नसे.

कारण त्याच काळात बोर्डाची गुणवत्ता यादी घराघरात पोचली होती. यादीत आलेल्या मुलांचे फोटो वर्तमानपत्रात, पेढे, मिरवणूक. बोर्डाने पुढे, 2000 नंतरच्या दशकात, ही यादी जाहीर करणे थांबवले, पण यादीने घडवलेला सत्काराचा साचा गुणगौरव सोहळ्यांत जसाच्या तसा राहिला. या यादीच्या काळाआधी शिकलेल्या एका मुलीचे उदाहरण इथे द्यायलाच हवे. बोदवडजवळच्या नाडगावात जन्मलेल्या, जळगावच्या आर. आर. विद्यालयात आणि मूळजी जेठा महाविद्यालयात शिकलेल्या प्रतिभाताई पाटील कॉलेजात टेबल टेनिसच्या उत्तम खेळाडू होत्या. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत त्यांनी ढाली मिळवल्या. 2007 साली त्या देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या. साठ-सत्तर वर्षांपूर्वी मुलीच्या हातातल्या रॅकेटची दखल घेणारे कॉलेज जळगावात होते, याचा अभिमान वाटावा.

कॉलेजातल्या नेतृत्वाचे पुढे काय झाले, तेही थोडक्यात सांगायला हवे. निवडणुकांतल्या मारामाऱ्यांमुळे 1994 च्या विद्यापीठ कायद्याने खुल्या निवडणुका बंद केल्या आणि विद्यार्थी परिषद गुणवत्तेवर नेमायची ठरवली. प्रत्येक वर्गातला पहिला आलेला विद्यार्थी प्रतिनिधी झाला. सोबत खेळ, सेवा योजना, छात्र सेना, सांस्कृतिक कार्य यांतला प्रत्येकी एक जण प्राचार्य नेमायचे. कायद्याने विविध गुणांना जागा दिली, हे चांगलेच. पण पेपरात पहिला तोच पुढारी, ही समजूतही त्याच कायद्याने घट्ट केली. 2016 च्या कायद्यात पुन्हा थेट निवडणुकांची तरतूद आली.

शाळांसाठी खरा बदल 2010 चा. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला आणि त्यातल्या कलम 29 ने मुलाच्या सर्वांगीण विकासाचे, भीतीमुक्त आणि सातत्यपूर्ण मूल्यमापनाचे बंधन घातले. 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात आकारिक (वर्षभर चालणारे) आणि संकलित (सत्राच्या शेवटी होणारे) मूल्यमापन आले. प्रत्येक मुलाची विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक असलेली बाब यांच्या वर्णनात्मक नोंदी शिक्षकाने ठेवायच्या. कल्पना अगदी छात्रालयाच्या जातकुळीतली. पण चार वर्ग एकाच खोलीत शिकवणाऱ्या, शिवाय शालेय पोषण आहार, सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती सांभाळणाऱ्या शिक्षकाच्या हातात ती पडली. नोंदींची तयार पुस्तके बाजारात आली. ‘स्वतःची मते ठामपणे मांडतो’, ‘शालेय उपक्रमांत आवडीने सहभागी होतो’ ही वाक्ये धडगावपासून मुक्ताईनगरपर्यंत सारख्याच शब्दांत उतरवली गेली. शिक्षकांना यात दोष देणे मला अन्यायाचे वाटते. वेळ दिला नाही तर नोंद होणार कशी?

दहावीला मात्र दखल गुणांच्या रूपानेच आली. खेळाडूंना सवलतीचे गुण आधीपासून होते. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत अलीकडच्या नियमाप्रमाणे ए श्रेणीला 7, बीला 5 आणि सीला 3 गुण मिळतात. 2015 नंतर शास्त्रीय कला आणि लोककला यांनाही वाढीव गुण द्यायचे ठरले. 2010 पासूनच्या ‘बेस्ट फाइव्ह’ला, म्हणजे सर्वाधिक गुणांच्या पाच विषयांवर टक्केवारी काढण्याच्या पद्धतीला, हे गुण जोडले जाऊन शंभर टक्के मिळवणारी मुले राज्यात दिसू लागली. कलेला मान मिळाला, पण मानाचे चलन पुन्हा टक्काच. शिवाय हे गुण मिळवायला मान्यताप्राप्त संस्थेचा क्लास, परीक्षेचे केंद्र, वेळेत भरलेला अर्ज लागतो. तोरणमाळच्या पलीकडच्या पाड्यावरचा मुलगा पावरी हे वाद्य असे वाजवतो की होळीला शंभर माणसे त्यावर नाचतात. हे प्रमाणपत्र त्याच्या हाती येणे जळगावच्या मुलाइतके सोपे नाही.

सातपुड्यात यावर वेगळे काम झालेले आहे. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपासून सरदार सरोवर धरणाच्या, नर्मदाकाठच्या बुडित क्षेत्रातल्या गावांनी जीवनशाळा चालवल्या. सरकारी शाळा बहुतांश कागदावर असताना गावकऱ्यांनी त्या उभ्या केल्या. पावरी आणि भिलोरी भाषेत सुरुवात करून पुढे मराठीत शिकवणे ही तिथली पद्धत. दरवर्षी सगळ्या जीवनशाळांचा बालमेळा भरतो. धावणे, तिरंदाजी, कबड्डी, गाणी, नाटके होतात आणि बघायला आईबाप चालत येतात. जो धावला, त्याला कोणत्या टेकडीवरून रोज पाणी आणावे लागते हे बघणाऱ्यांना माहीत असते. आदिवासी विकास विभागाच्या नंदुरबार, तळोदा, धुळे, यावल प्रकल्पांतल्या आश्रमशाळांच्या क्रीडा स्पर्धांतही गुणी धावपटू दिसतात. ते पुढे कुठे जातात याचा पाठपुरावा करणारी माणसे जिथे आहेत, तिथेच ते टिकतात.

आता 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने समग्र प्रगतिपत्रक आणले आहे आणि राज्यातल्या शाळांत ते येऊ लागले आहे. त्यात शिक्षकासोबत विद्यार्थी स्वतःबद्दल लिहितो, वर्गमित्र लिहितात, पालकांचेही मत घेतात. शाळेतल्या बालसंसदेत किंवा मुलामुलींच्या मीना-राजू मंचात पुढे आलेल्या मुलीबद्दल तिच्याच मैत्रिणीने दोन ओळी लिहाव्यात, ही कल्पना मला फार आवडली. अडचण आधीपासून दिसते आहे. नंदुरबार आणि धुळ्याच्या कितीतरी पाड्यांवरचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत किंवा पश्चिम महाराष्ट्रात जातात आणि उन्हाळ्यापर्यंत येत नाहीत. पालकांचे पान भरायची वेळ नेमकी त्याच महिन्यांत येते. काही मुले सोबत फडावरच असतात, उरलेली आजीजवळ. आजीला लिहिता येत नसेल तर शिक्षकाने तिच्या भाषेत विचारून तिचे म्हणणे उतरवून घ्यावे, आणि त्यासाठी पाड्यावर जायला त्याला कामाचा वेळ मिळावा, एवढी सोय जिल्हा परिषदांना या वर्षीच करता येईल.