प्रवाळाच्या टाकीला स्किमर किती मोठा हवा?

समुद्री टाकी लावायचं ठरलं की काच, दिवे, मीठ, दगड यांची खरेदी भराभर होते आणि गाडी अडते ती प्रोटीन स्किमरवर, म्हणजे फेस करून पाण्यातली घाण बाहेर काढणाऱ्या यंत्रावर. खोक्यावर छापलेलं असतं, ‘500 लिटरपर्यंतच्या टाकीसाठी’. तुमची टाकी 300 लिटरची. दुकानदार सांगतो, हजार लिटरवाला घ्या, पुढची काळजी मिटली. हा सल्ला इतक्या जणांकडून ऐकायला मिळतो की तो खराच वाटायला लागतो. माझं मत उलट आहे. स्किमर टाकीच्या लिटरवर निवडू नये, टाकीत रोज किती घाण तयार होते त्यावर निवडावा. आणि गरजेपेक्षा मोठा स्किमर बऱ्याचदा लहानापेक्षा वाईट चालतो. याचं कारण फेसातच आहे.

माशांची विष्ठा, उरलेलं खाद्य, प्रवाळांनी सोडलेला चिकट स्राव, शेवाळातून झिरपणारी द्रव्यं, या सगळ्यांतून पाण्यात सतत सेंद्रिय रेणू मिसळत असतात. त्यांपैकी अनेकांचं एक टोक पाण्यात रमतं आणि दुसरं पाण्याला टाळतं. अशा रेणूला बसायला सर्वांत सोयीची जागा म्हणजे पाणी आणि हवा यांची सीमा. तिथे एक टोक पाण्यात ठेवता येतं, दुसरं हवेत. स्किमर ही सीमा मोठ्या प्रमाणावर तयार करून देतो. उभ्या नळकांड्यात पंप हवेचे बारीक बुडबुडे सोडतो, बुडबुडे वर चढताना हे रेणू त्यांच्या पृष्ठभागावर जमतात, माथ्यावर त्यांचा फेस होतो, आणि तो अरुंद गळ्यातून वर सरकत कपात सांडतो. गळ्यातून चढता चढता फेसातलं बरंचसं पाणी निथळून खाली परत जातं. कपात उरतो तो कोऱ्या चहाच्या रंगाचा, नाक मुरडायला लावणारा गाळ.

बुडबुडा बारीक का हवा, ते शाळेतल्या भूमितीने कळतं. एक लिटर हवेचे 1 मिलिमीटर व्यासाचे बुडबुडे केले तर त्यांचा एकूण पृष्ठभाग 6 चौरस मीटर भरतो. व्यास निम्मा केला की त्याच हवेत 12 चौरस मीटर मिळतात. शिवाय बारीक बुडबुडा सावकाश चढतो, म्हणजे रेणू गोळा करायला त्याला जास्त वेळ मिळतो. याला मर्यादा आहेच. फारच बारीक बुडबुडे वर जाण्याऐवजी बाहेर पडणाऱ्या पाण्यासोबत वाहत जातात आणि मुख्य टाकीत धुकं पसरवतात.

हे सगळं खाऱ्या पाण्यात जमतं, गोड्या पाण्याच्या घरगुती टाकीत जमत नाही. गोड्या पाण्यात दोन बुडबुडे भेटले की चटकन एक होतात आणि मोठे होत जातात. मीठ पुरेसं असेल तर हे एक होणं थांबतं. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतल्या क्रेग, निनहॅम आणि पॅशली यांनी 1993 मध्ये दाखवलं की काही क्षार बुडबुड्यांचं एकत्र येणं रोखतात, तर काही क्षारांचा त्यावर जवळपास काहीच परिणाम होत नाही. साधं मीठ पहिल्या गटात मोडतं, आणि समुद्राच्या पाण्यात ते त्यासाठी लागतं त्याहून कितीतरी जास्त असतं. क्षारता दर हजारी 35 च्या आसपास राखली की बुडबुड्यांची बाजू निसर्गच सांभाळतो.

आता जाहिरातींकडे वळू. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक केन फेल्डमन यांनी 2009 आणि 2010 च्या सुमारास वेगवेगळ्या धाटणीच्या स्किमरांची मोजमापं घेतली. पाण्यात ठरावीक प्रथिन मिसळायचं, स्किमर चालू करायचा आणि ते किती वेगाने कमी होतं ते पाहायचं. मग हीच परीक्षा खऱ्या प्रवाळ-टाकीच्या पाण्यावर, एकूण सेंद्रिय कार्बन मोजून. दोन गोष्टी समोर आल्या. एक म्हणजे महागड्या आणि साध्या स्किमरांच्या वेगात जाहिरातीत भासवतात तेवढी तफावत नव्हती. दुसरी मला जास्त महत्त्वाची वाटते: कोणताही स्किमर कितीही वेळ चालवला तरी पाण्यातल्या एकूण सेंद्रिय कार्बनपैकी साधारण 20 ते 30 टक्केच बाहेर पडत होता. उरलेले रेणू बुडबुड्याला चिकटणाऱ्या जातीचेच नसतात. स्किमर दुप्पट मोठा केल्याने ते चिकटायला लागत नाहीत. त्यांच्यासाठी सक्रिय कोळसा आहे, पाणी बदलणं आहे, आणि दगडांत राहणारे जीवाणू आहेत.

नायट्रेट आणि फॉस्फेटचे विरघळलेले आयनही स्किमर थेट ओढून घेत नाही. त्यांना पाण्याला टाळणारं टोकच नसतं. स्किमरचा फायदा त्याआधीच्या टप्प्यावर होतो. प्रथिन कुजून अमोनिया, मग नायट्राइट, मग नायट्रेट होण्याअगोदरच त्यातला काही भाग कपात जाऊन बसतो. म्हणून नायट्रेट आधीच चढलेलं असताना मोठा स्किमर आणून ते उतरेल ही आशा धरू नये.

मोठा स्किमर वाईट कसा ठरतो, ते गळ्यापाशी दिसतं. फेस टिकतो तो त्यातल्या सेंद्रिय रेणूंच्या जोरावर. ते कमी असतील तर बुडबुडे गळ्यात अर्ध्यावर येतात आणि फुटतात. दहा सेंटिमीटर व्यासाच्या गळ्याचं क्षेत्रफळ सुमारे 79 चौरस सेंटिमीटर, पंधरा सेंटिमीटरच्या गळ्याचं सुमारे 177. म्हणजे गळा दीडपट रुंद झाला की फेसाला सव्वादोनपट जागा भरून काढावी लागते. चार-पाच छोटे मासे असलेल्या टाकीत तेवढा माल तयारच होत नाही. मग घडतं असं: दोन दिवस गळ्यात कोरडं, कप रिकामा, मालक वैतागून आतल्या पाण्याची पातळी वर चढवतो, तिसऱ्या दिवशी जरा जास्त खाद्य पडतं आणि कप पातळ, फिक्या पाण्याने भरून वाहू लागतो. जेमतेम पुरेल असा लहान स्किमर मात्र रोज थोडा थोडा घट्ट फेस काढत राहतो.

चार फूट लांब, दीड फूट रुंद, काठोकाठ भरली तर 300 लिटर पाणी मावेल अशी टाकी घ्या. दगड आणि वाळूने व्यापलेली जागा वजा केली आणि खालच्या टाकीतलं, म्हणजे सम्पमधलं पाणी धरलं, तर प्रत्यक्ष पाणी पुन्हा 300 च्या आसपासच येतं. त्यात दोन क्लाउनफिश, एक गोबी आणि मऊ प्रवाळ असतील तर 300 लिटरच्या मापाचा साधा स्किमर पुरून उरतो. त्याच टाकीत टँगसारखे दिवसभर चरणारे मासे, भरपूर गोठवलेलं खाद्य असा कारभार असेल तर पुढच्या मापाचा घ्या. खोक्यावरचा आकडा कोणत्या गर्दीसाठी आहे, हे कंपन्या कधी कधी छोट्या अक्षरांत तिथेच छापतात. हलकी गर्दी, मध्यम, दाट असे तीन आकडे असतील तर मधला धरा. एकच आकडा असेल तर तो हलक्या गर्दीचाच समजा.

पाणी किती फिरतं याचा बाऊ करू नका. स्किमरमधून तासाला 300 लिटर पाणी जातं म्हणजे तासाभरात सगळं पाणी एकदा स्वच्छ झालं, असं होत नाही. बाहेर पडलेलं पाणी उरलेल्या पाण्यात मिसळतं आणि त्यातलं काही पुन्हा आत येतं. नीट मिसळणाऱ्या टाकीत एका तासात सुमारे 63 टक्केच पाणी स्किमरमधून गेलेलं असतं. पण स्किमर रात्रंदिवस चालतो, त्यामुळे दिवसाच्या हिशेबात हा फरक विरून जातो. पंपाच्या पाण्याच्या आकड्यापेक्षा त्याने ओढलेल्या हवेचा आकडा विचारा.

आजकाल घरगुती स्किमरांमध्ये बहुतेक ठिकाणी नीडल व्हील असतं, म्हणजे पंपाच्या पात्यांऐवजी बारीक काड्यांची चकती, जी हवा आणि पाणी एकत्र घुसळते. हवेची नळी जिथे पंपाच्या तोंडाशी जोडलेली असते ते छिद्र जवळून पाहा. काही आठवड्यांत तिथे मिठाचा आणि चुन्याचा पांढरा थर धरतो, हवा कमी होते, आणि चांगला चाललेला स्किमर मलूल पडतो. नळीतून ग्लासभर कोमट गोडं पाणी ओढू दिलं की मीठ सुटतं. चुन्याचा थर काढायला पंप उघडून व्हिनेगरमध्ये ठेवावा लागतो. म्हणून दुकानातच विचारा, पंप हत्याराशिवाय निघतो का, आणि चकती सुटी मिळते का. गळ्याच्या आतला चिकट थर दर दोन-तीन दिवसांनी पुसावा लागतो, तेव्हा कप वर उचलायला कॅबिनेटमध्ये जागा आहे का तेही मोजा. स्किमरची उंची सगळेच मोजतात. कप बाहेर काढायला वर लागणारी जागा विसरतात.

सम्पमधली पाण्याची पातळी हा सगळ्यांत दुर्लक्षित मुद्दा. स्किमर ठरावीक खोलीच्या पाण्यात उभा राहील असा बनवलेला असतो, बऱ्याचदा 15 ते 22 सेंटिमीटर. मुंबईच्या मे महिन्यात पंखा लावलेल्या टाकीतून पाणी झपाट्याने उडतं, सम्पची पातळी उतरते आणि फेसही गळ्यातून खाली सरकतो. काचेच्या आडव्या पट्टीने पातळी कायम राहील असा स्वतंत्र कप्पा हवा, किंवा उडालेलं पाणी आपोआप भरणारी यंत्रणा. नसेल तर स्किमर विटेवर ठेवून उंची जुळवता येते.

वीज गेली की वरच्या टाकीतलं पाणी सम्पमध्ये उतरतं. वीज आल्यावर स्किमर त्या वाढलेल्या पातळीतच सुरू होतो आणि काही मिनिटांत कप ओसंडून घाण परत पाण्यात सांडते. जिथे दिवे वरचेवर जातात तिथे स्किमरचा पंप पाच-दहा मिनिटं उशिरा सुरू करणारा टायमर बसवाच. परदेशातून यंत्र आणणाऱ्यांसाठी आणखी एक: अमेरिकेतली वीज 60 हर्ट्झची, आपली 50. तिथला थेट विजेवर चालणारा पंप फक्त ट्रान्सफॉर्मर लावून इथे चालवला तर सावकाश फिरतो आणि हवा कमी ओढतो. डीसी पंपाला ही अडचण नाही, शिवाय त्याचा वेग कमी-जास्त करता येतो.

स्किमरचं दुसरं काम श्वासाचं आहे. 35 क्षारतेच्या पाण्यात 25 अंशांना लिटरमागे सुमारे 6.7 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना सुमारे 6.2. उन्हाळ्यात, रात्री, प्रवाळ आणि शेवाळ प्राणवायू सोडत नसताना स्किमरची हवा मासे वाचवते. पण खिडक्या बंद करून एसी लावलेल्या खोलीत माणसांच्या श्वासाचा कार्बन डायऑक्साइडही त्याच हवेतून पाण्यात शिरतो आणि पीएच उतरतो. हवेची नळी खिडकीबाहेर नेली की फरक पडतो.

कायद्याबद्दल स्पष्टच सांगायला हवं. दगडी सांगाडा करणारे सर्व प्रवाळ भारताच्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या अनुसूची 1 मध्ये आहेत. मालवणच्या किंवा लक्षद्वीपच्या पाण्यातून एक फांदीही आणता येत नाही, आणू नये. त्या प्रवाळांना आधीच तापत्या समुद्राशी झुंजावं लागतंय. नुसत्या समुद्री माशांच्या टाकीलाही वरचं सगळं गणित जसंच्या तसं लागू आहे.

नवा स्किमर लावल्यावर पहिले काही दिवस, कधी दोन आठवडेही, फेस नीट धरत नाही; कारखान्यातला तेलकट अंश नवीन प्लास्टिकवरून जाईपर्यंत असं चालायचंच. तेवढ्यात पातळीचा खटका रोज फिरवत बसू नका. एकदा फिरवा, दोन दिवस थांबा, मग पाहा. तेलकट खाद्य टाकल्यावर किंवा क्रीम लावलेला हात पाण्यात घातल्यावर फेस काही तास बसतो आणि आपोआप परत येतो. प्रवाळ चिकटवायची इपॉक्सी वापरली तर उलटं होतं, फेस उसळून कप वाहतो, म्हणून त्या दिवशी कप काढून ठेवा.