पोटातले जिवाणू आणि मन: तुलना कशाशी करायची?

१९१० साली लंडनच्या बेथलेम रुग्णालयात जॉर्ज पोर्टर फिलिप्स यांनी उदासीनतेच्या रुग्णांना लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू दिले. अनेकांना बरे वाटले. पण जिवाणू न दिलेल्यांचे काय झाले असते, हे ताडून पाहायला दुसरा गटच नव्हता. पुढे अमेरिकेत ट्रेंटनच्या मनोरुग्णालयात डॉक्टर हेन्री कॉटन यांनी मनोविकाराचे मूळ दडलेल्या जंतुसंसर्गात आहे असे धरून रुग्णांचे दात, टॉन्सिल, थेट मोठे आतडेही काढले. बरे होण्याचे आकडे त्यांचेच, मेलेले मात्र अनेक. त्यानंतर हा विषय बराच काळ बदनाम राहिला, आणि ते योग्यच होते.

त्याला खरी तुलना मिळाली ती जिवाणूविरहित उंदरांमुळे. सिझेरियनने जन्मवून बंदिस्त, निर्जंतुक पेटीत वाढवलेल्या या उंदरांच्या पोटात एकही जिवाणू नसतो. मग हवा तो जिवाणू सोडून पाहता येतो. २००४ मध्ये जपानी संशोधकांना दिसले की अशा उंदरांना कोंडले की ताणाची संप्रेरके जरा जास्तच उसळतात; लहान वयात बिफिडोबॅक्टेरियम हा जिवाणू दिला तर ती आटोक्यात राहतात. २०११ मध्ये लॅक्टोबॅसिलस गटातल्या एका जिवाणूने उंदरांची भीती कमी झाली, पण मेंदू आणि पोट जोडणारी व्हेगस ही मज्जा-नस कापल्यावर तो परिणाम दिसेना. म्हणजे निरोप कोणत्या वाटेने जातो, त्याचा एक धागा सापडला. अर्थात उंदराची भीती म्हणजे माणसाचे नैराश्य नव्हे.

माणसांत काम चालते ते विष्ठेच्या नमुन्यातले डीएनए वाचून. बेल्जियममध्ये २०१९ साली हजारावर लोकांच्या पाहणीत नैराश्य असलेल्यांत कोप्रोकोकस आणि डायलिस्टर हे जिवाणू कमी आढळले. पण आधी काय बिघडले, पोट की मन? एकाच वेळी घेतलेला नमुना ते सांगत नाही.

इथे पुण्याचे काम उपयोगी पडते. २०१२ मध्ये राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातल्या योगेश शौचे आणि सहकाऱ्यांनी एकत्र कुटुंबांतल्या तीन पिढ्यांचे जिवाणू तपासले. प्रश्न वयाचा होता, मनाचा नव्हे. पण घर एक, स्वयंपाक एक, अशी तुलना पाश्चात्त्य शहरांत सहज जमणार नाही. २०१६ मध्ये याच केंद्राच्या अभ्यासात भारतीयांत प्रिव्होटेला आणि मेगास्फेरा हे जिवाणू जास्त दिसले, तेव्हा ‘निरोगी पोटा’ची युरोपीय फूटपट्टी इथे तशीच लावता येत नाही. शिवाय आहार बदलला की एक-दोन दिवसांत जिवाणूंचे प्रमाण हलते. त्यामुळे पुण्यात असा अभ्यास करायचा तर मनःस्थितीची प्रश्नावली आणि नमुना एकाच माणसाकडून पुन्हा पुन्हा घ्यावे लागतील, आणि औषधांसोबत श्रावणातले उपवासही नोंदवावे लागतील.