स्पीकर बंद असतानाची आरती

"अगं, त्या मंडळाच्या पोरांना सांग ना, आता पुरे करा म्हणावं. रात्रीचे अकरा वाजले."

मोठी मावशी हे म्हणाली तेव्हा आषाढ चालू होता. गणपती दोन महिने लांब होते. बाहेर पाऊस भुरभुरत होता आणि सांगलीच्या तिच्या बोळात कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं. मी खिडकी उघडून तिला जवळ बोलावलं. "ऐक बरं, कुठं काय आहे?" तिनं कान दिला. "ही काय! झांजा वाजतायत की." आरतीच्या पहिल्या दोन ओळी, मग झांजांचा एक फेरा, की पुन्हा त्याच दोन ओळी. तिसरी ओळ येतच नव्हती. मी खिडकी लावली. आवाज तसूभरही कमी झाला नाही, तेव्हा तिची तिलाच शंका आली. बराच वेळ ती गप्प बसली आणि मग हळूच म्हणाली, "दादाला सांगू नकोस हं. म्हातारीला वेड लागलं म्हणेल."

मावशी आज एक्याऐंशी वर्षांची आहे. हिशेब चोख, औषधांच्या वेळा तोंडपाठ. तिला वेड लागलेलं नाही. तिला जे ऐकू येतं त्याला वैद्यकशास्त्रात 'म्युझिकल हॅल्युसिनेशन', म्हणजे संगीताचा भास, असं नाव आहे, त्याचं कारणही बऱ्यापैकी उमगलेलं आहे, आणि ते समजून घ्यायचं तर सुरुवात तुमच्या-माझ्या डोक्यातल्या गाण्यापासून करावी लागते.

सकाळी रिक्षात अर्धवट कानावर पडलेलं गाणं दुपारपर्यंत पाठ सोडत नाही, हा अनुभव कुणाला नाही? जर्मन लोक अशा गाण्याला 'कानातला किडा' म्हणतात. फिनलंडमध्ये इंटरनेट वापरणाऱ्या बारा हजारांहून अधिक लोकांची पाहणी झाली, तेव्हा दहांपैकी जवळपास नऊ जणांनी सांगितलं की आठवड्यातून एकदा तरी असं गाणं डोक्यात बसतंच. कोणतं गाणं बसेल याचेही काही ठोकताळे आहेत. ब्रिटनमध्ये केली याकुबोव्स्की आणि सहकाऱ्यांनी 3,000 लोकांकडून त्यांना छळणारी गाणी गोळा केली आणि त्यांच्या चाली तपासल्या. ही गाणी थोडी जलद लयीची निघाली. त्यांच्या चालीची चढउतार बालगीतासारखी ओळखीची, पण मध्येच कुठेतरी अनपेक्षित उडी. म्हणजे सहज गुणगुणता यावं इतकं सोपं, आणि विसरता येऊ नये इतकं वेगळं.

ते केव्हा बसतं हेही बघण्यासारखं आहे. भांडी घासताना, चालताना, बसची वाट बघताना, म्हणजे हात कामात आणि मन मोकळं असताना. अमेरिकेतल्या आयरा हायमन यांच्या प्रयोगांत असं दिसलं की काम फार सोपं असलं तरी गाणं शिरतं आणि फार अवघड असलं तरीही शिरतं, कारण दोन्ही वेळा मन कामावरून उठून भटकायला लागतं. मग घालवायचं कसं? 2015 मध्ये ब्रिटनच्या रेडिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांना गाणं ऐकवल्यानंतर च्युइंग गम चघळायला दिलं, आणि गाणं डोक्यात येण्याचं प्रमाण घटलं. हे गमतीशीर वाटलं तरी त्यामागे पक्का विचार आहे. मनातल्या मनात गाताना बोलण्या-गाण्याची यंत्रणा आतल्या आत कामाला लागलेली असते. जबडा दुसऱ्या कामाला जुंपला की त्या मूक गायकाची जागा अडते.

'मनात ऐकणं' हा शब्दप्रयोग किती शब्दशः खरा आहे, हे मला सगळ्यात नवलाचं वाटतं. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजमध्ये एक साधा प्रयोग झाला. तो 2005 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. माणसांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून गाणी ऐकवली आणि मध्येच काही सेकंद आवाज तोडला. गाणं ओळखीचं असेल तर त्या शांततेतही मेंदूचा ऐकण्याचा भाग जागता राहिला. अनोळखी गाण्यात तो तितका जागा राहिला नाही. मनात गाणं म्हणा असं कुणालाही सांगितलेलं नव्हतं. मेंदूनं न सांगताच ती गाळलेली जागा भरून काढली.

आणि ही भरलेली जागा ओबडधोबड नसते. मानसशास्त्रज्ञ डॅनियल लेव्हिटिन यांनी गाण्याचं खास शिक्षण नसलेल्या विद्यार्थ्यांना त्यांचं आवडतं गाणं नुसतं आठवून गायला सांगितलं. पेटी नाही, साथ नाही. दहांतल्या चार जणांनी दोनपैकी निदान एका प्रयत्नात मूळ ध्वनिमुद्रणातलाच स्वर पकडला. आपल्याला 'काळी एक' आणि 'काळी दोन' यांतला फरक सांगता येत नसेल, पण आठवणीत गाणं त्याच्या पट्टीसकट ठेवलेलं असतं.

अर्थात सगळ्यांच्या डोक्यात असं संगीत वाजत नाही. काही माणसांच्या मनात आवाज उमटतच नाहीत. आईचा आवाज ती ओळखतात, पण मनात 'ऐकू' शकत नाहीत. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठातल्या संशोधकांनी 2021 मध्ये या स्थितीला 'अनॉरेलिया' असं नाव दिलं.

आता मुख्य प्रश्न. तुमच्या डोक्यात घोळणारं गाणं तुम्हाला डोक्यातलंच वाटतं. मावशीची आरती तिला खिडकीबाहेरची का वाटते?

उत्तर शोधायला एखाद्या बैठकीत जाऊन बसा. विलंबित ख्याल चालू आहे, गायक तान घेऊन समेकडे, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेकडे, निघाला आहे. सम यायच्या आतच समोरच्या पंचवीस माणसांच्या माना खाली यायला लागतात. तबल्याचा 'धा' पडतो आणि मान नेमकी त्याच क्षणी टेकते. 'धा' ऐकून मग मान हलवायची ठरवली असती तर ती उशिरा पडली असती. म्हणजे सम कानावर पडण्याआधीच ती मेंदूत येऊन बसलेली असते. कानाकडे उरतं काम खात्री करण्याचं: अंदाज बरोबर होता की चुकला? गायकानं तिहाई (तीनदा घेतलेला तुकडा) अर्ध्या मात्रेनं पुढे टाकून चकवलं की जी दाद उठते, ती अंदाज चुकल्याची दाद असते.

आपलं सगळंच ऐकणं याच रीतीनं चालतं, असं आज अनेक मेंदूशास्त्रज्ञ मानतात. मेंदू सतत पुढचा अंदाज बांधतो आणि कान त्याला दुरुस्त करत राहतो. जुन्या पद्धतीचा टेलिफोन साधारण 300 हर्ट्झच्या खालचा ध्वनी पाठवतच नव्हता. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर मात्र 100 हर्ट्झच्या आसपास असतो. तरी वडिलांचा भारदस्त आवाज फोनवर भारदस्तच ऐकू यायचा, कारण वरच्या कंपनांवरून मेंदू खालचा स्वर स्वतःच जोडून घेतो.

(न छेडलेलं सगळंच मात्र भास नसतं. चांगल्या जुळलेल्या तानपुऱ्यातून गंधार ऐकू येतो. तो कुणी छेडत नाही, म्हणून त्याला स्वयंभू म्हणतात. पण खर्जाच्या तारेतलं, मूळ कंपनाच्या पाचपट वेगाचं कंपन म्हणजेच तो गंधार. तो हवेत खरोखर असतो, यंत्रावर मोजताही येतो.)

आता हा दुरुस्त करणारा कानच क्षीण झाला तर? आतल्या कानात शंखासारखी वळलेली नळी असते, कॉक्लिया. तिच्यात केसासारखे सूक्ष्म तंतू असलेल्या सुमारे पंधरा हजार पेशी असतात. वय, गोंगाट, काही औषधं यांनी त्या मरतात आणि माणसात पुन्हा उगवत नाहीत. सहसा वरच्या पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशी आधी जातात. मावशीला कुकरची शिट्टी ऐकू येईनाशी झाली होती आणि ती म्हणायची, "हल्ली तुम्ही सगळे तोंडातल्या तोंडात बोलता." आम्ही हसण्यावारी नेलं. खरं तर तीच पहिली खूण होती.

कानाकडून येणारी बातमी अशी पुसट झाली की मेंदूचे अंदाज तपासणारं कुणी उरत नाही. न्यूकॅसल विद्यापीठातले सुखबिंदर कुमार, टिमोथी ग्रिफिथ्स आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये एका स्त्रीचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिला ऐकू कमी येत होतं आणि डोक्यात अखंड संगीत वाजायचं. ती वाद्य वाजवणारी होती, त्यामुळे ऐकू येणाऱ्या सुरावटी ती स्वरलिपीत उतरवूनही देऊ शकत होती. संशोधकांच्या ध्यानात आलं की जर्मन संगीतकार बाखच्या रचनेचा एखादा तुकडा ऐकवला की तो संपल्यावरही काही काळ तिच्या आतलं संगीत मंदावतं आणि मग हळूहळू परत येतं. हा चढउतार चालू असताना त्यांनी तिच्या मेंदूतल्या पेशींची सूक्ष्म चुंबकीय क्षेत्रं मोजली. आतलं संगीत मोठं होई तेव्हा सुरावट ओळखणारा भाग, हालचाल घडवणारा भाग आणि आठवणींशी जोडलेला भाग असे तिन्ही जास्त कामाला लागलेले दिसले. ग्रिफिथ्स यांच्या 2000 सालच्या सहा रुग्णांच्या अभ्यासात, बाहेरचा आवाज मेंदूच्या पृष्ठभागावर जिथे प्रथम पोचतो त्या केंद्रात अशी वाढ आढळली नव्हती. म्हणजे दाराशी कुणीच आलेलं नाही, आणि आत पाहुण्यांची सरबराई चालू आहे.

गाणं एकदा असं सुरू झालं की ते स्वतःलाच दुजोरा देत राहतं: आठवण अंदाज पुरवते, ऐकणारा भाग तो ऐकतो, आणि ऐकलं म्हणून पुढचा अंदाज आणखी बळकट होतो. मावशीच्या दोन ओळी पुन्हा पुन्हा का फिरत होत्या, ते मला इथे कळलं. आणि आरतीच का, तेही. लहानपणापासून दरवर्षी ऐकलेलं, समूहात टाळ्या-झांजांवर म्हटलेलं, अंगात मुरलेलं गाणं ते. अशा रुग्णांच्या नोंदींत देवाची गाणी, देशाची गाणी, बालपणीची गाणी पुन्हा पुन्हा आढळतात.

मेंदूतून गाणं थेट जागं करता येतं हे मॉन्ट्रियलचे मेंदूशल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड यांनी फार पूर्वी पाहिलं होतं. अपस्माराच्या शस्त्रक्रियेत रुग्ण जागा असायचा, कारण मेंदूला स्वतःला वेदना होत नाहीत. कानशिलाजवळच्या भागाला विजेचा हलका स्पर्श केला की एखादा रुग्ण म्हणे, मला वाद्यवृंद ऐकू येतोय. पेनफिल्डना वाटलं, आयुष्याची अखंड टेप सापडली. तो निष्कर्ष पुढे टिकला नाही. असे अनुभव थोड्याच रुग्णांना आले आणि त्यांत आठवणीइतकीच कल्पनेचीही भर होती.

रॉबर्ट शूमानची गोष्ट मला याहून जास्त चटका लावते. फेब्रुवारी 1854 मध्ये या जर्मन संगीतकाराच्या कानात एकच स्वर अखंड वाजायला लागला, मग पूर्ण संगीत. एका रात्री तो उठला आणि देवदूतांनी सांगितलेली म्हणून एक सुरावट त्यानं लिहून काढली. पुढे देवदूतांचे राक्षस झाले आणि त्याच महिन्याच्या 27 तारखेला त्यानं ऱ्हाइन नदीत उडी घेतली. त्याला वाचवलं गेलं, पण उरलेली दोन वर्षं मनोरुग्णालयात गेली. देवदूतांची ती सुरावट आजही उपलब्ध आहे. ती त्याच्याच काही महिन्यांपूर्वीच्या व्हायोलिन कन्चेर्तोतल्या धूनशी मिळतीजुळती आहे. त्याचंच गाणं त्याच्याकडे परत आलं होतं, आणि त्यानं ते ओळखलं नाही.

शूमानचा आजार वेगळा आणि गंभीर होता. मावशीसारख्यांची गोष्ट तशी नसते. केंब्रिजच्या वैद्यकीय नोंदींपासून हॉलंडच्या श्रवणचिकित्सालयांपर्यंत सगळीकडे हेच चित्र दिसतं: वय झालेली, ऐकू कमी येणारी, बहुधा स्त्री, आणि बाकी डोकं शाबूत. हॉलंडमधल्या अशा एका पाहणीत श्रवणदोष असलेल्या शंभरांमागे तीन-चार जणांना हे संगीत ऐकू येत होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या अहवालाप्रमाणे जगात दीडशे कोटींहून अधिक लोकांना कमी-अधिक श्रवणदोष आहे. त्यांतली किती माणसं आपल्या मावशीसारखी 'दादाला सांगू नकोस' म्हणून गप्प बसली असतील, याचा विचार करते तेव्हा मला फार वाईट वाटतं.

म्हणून एवढं ठासून सांगते. घरातल्या कुणाला नसलेलं गाणं ऐकू येत असेल तर हसू नका आणि भूतबाधेपर्यंतही जाऊ नका. आधी कानाच्या डॉक्टरांकडे न्या, श्रवणशक्ती तपासून घ्या. चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी बरोबर ठेवा, कारण काही औषधांनीही असं होतं. अचानक एका कानानं ऐकू येईनासं झालं तर कानाच्या डॉक्टरांकडे ताबडतोब न्या; झटके, बोलण्यात गोंधळ असं काही असेल तर मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवायला उशीर नको. हुकूम सोडणारे, धमकावणारे आवाज ऐकू येत असतील तर मनोविकारतज्ज्ञाकडे जायला हवं. आणि नुसता श्रवणदोष असेल तर श्रवणयंत्रानं बऱ्याच जणांना आराम पडतो: कानाची बातमी परत सुरू होते, अंदाजांना वेसण बसते.

मावशीला दोन्ही कानांना यंत्रं बसवली. पहिले पंधरा दिवस तिनं भांड्यांच्या खणखणाटाला नावं ठेवली, मग सरावली. दिवसा आता आरती जवळजवळ नसते. मागच्या खेपेला मी मुक्कामाला होते. रात्री तिनं यंत्रं काढून डबीत ठेवली, उशाशी ट्रान्झिस्टर बारीक आवाजात लावला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आता बघ, पाचेक मिनिटांत सुरू होईल." थोड्या वेळानं अंधारात तिचा हात पांघरुणावर हलायला लागला. ती झांजांचा ठेका धरत होती.